समुद्र सोडून सगळं जादा

मराठी माणसाचा युरोप करून झालाय, दुबई दोनदा झालीय, आणि व्हिएतनामला तर सोसायटीचा वॉचमन सोडून सगळे जाऊन आलेत. राहता राहिली क्रूझ. ती इतकी वर्षं 'स्वस्त आणि मस्त' म्हणून विकली जात होती. राहणं, खाणं, फिरणं, गाणी, जादूचे प्रयोग, सगळं एका तिकिटात. आता त्यातलं मस्त तेवढं उरलंय.

भाव का वाढले असं विचारलं की कंपन्या इंधन, युद्धं आणि पर्यावरण अशी जागतिक दुःखं पुढे करतात. ती खरी आहेतच, पण आधीचं कारण चारचौघांसारखं घरगुती आहे. डोक्यावर कर्ज आहे. कोविडमध्ये जहाजं नांगर टाकून उभी होती, तेव्हा कंपन्यांनी मिळेल तिथून पैसा उचलला. एकट्या कार्निव्हलवर २०२३ च्या सुरुवातीला साडेतीन हजार कोटी डॉलरच्या वर कर्ज होतं. ते फेडायला गिऱ्हाईक हवं होतं, आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी धावत आलं. २०१९ मध्ये जगात २.९७ कोटी लोक क्रूझवर गेले होते, २०२४ मध्ये ३.४६ कोटी गेले. घरात कोंडून घेतलेल्या माणसाने बाहेर पडल्यावर पहिलं काम काय केलं, तर पैसे देऊन जहाजात कोंडून घेतलं.

मग नवी जहाजं का बांधत नाहीत? बांधतात, पण अशी अवाढव्य जहाजं बांधणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके. जर्मनीत पापेनबुर्ग, फिनलंडमध्ये तुर्कू, फ्रान्समध्ये सँ-नाझेर आणि इटलीतला फिंकान्तिएरी समूह. सगळ्यांच्या वह्या २०३० च्या पुढपर्यंत भरलेल्या. म्हणजे माणसं वाढली, खोल्या मात्र त्यांच्या मानाने हळूहळू वाढणार. या परिस्थितीत भाव कुठे जातो, हे मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

जहाज किती भरलं हे मोजायची या धंद्याची रीतही पाहण्यासारखी आहे. एका केबिनमध्ये दोन माणसं म्हणजे १०० टक्के. आईबाबांच्या डोक्यावर भिंतीतून पलंग ओढून दोन पोरं झोपवली की आकडा शंभराच्या वर जातो. आपण त्याला गर्दी म्हणतो. ताळेबंदात त्याला उत्तम कामगिरी म्हणतात.

वर आपला रुपया. २०१४ मध्ये साठच्या आसपास असलेला डॉलर २०२५ च्या डिसेंबरात नव्वदीपार गेला. म्हणजे कंपनीने या अकरा वर्षांत एक सेंटही वाढवला नसता, तरी आपलं तिकीट दीडपट झालंच असतं. टूर कंपनी पॅकेजवर टीसीएस नावाचा आगाऊ कर घेते तो वेगळाच. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर आपल्या पैशांची क्रूझ सरकारी तिजोरीत चालू असते.

*

आता कंपनी निवडू.

याला आठवडे लागतात. एक मेव्हणा म्हणतो कोस्टा, साडू म्हणतो प्रिन्सेस, ऑफिसातला कुणी म्हणतो कार्निव्हलला जाऊ नका, तिथे फार धिंगाणा असतो, हॉलंड अमेरिका घ्या, शांत असते. वाद रंगतात, तक्ते होतात, संबंध बिघडतात. कोस्टा, प्रिन्सेस, कार्निव्हल, हॉलंड अमेरिका, आयडा, सीबर्न आणि राणीच्या थाटाची क्युनार्ड, या सगळ्यांचा मालक एकच आहे: कार्निव्हल कॉर्पोरेशन. रॉयल कॅरिबियनवर रुसून सेलेब्रिटीकडे जाल, तर तेही त्याच घरातलं. नॉर्वेजियन सोडून ओशेनिया किंवा रीजेंट घ्याल, तर मालक पुन्हा तोच. चौथी एमएससी. ती जिनिव्हातल्या आपोंते कुटुंबाची. त्यांचा मुख्य धंदा कंटेनर वाहण्याचा, त्यामुळे माल नीट रचून जास्तीत जास्त कसा भरावा हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नसणार.

तेव्हा कंपनी निवडण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला पूर्ण आहे. पैसे कोणत्या खिशातून द्यायचे हे तुम्ही ठरवा. कोणत्या खिशात जाणार ते ठरलेलं आहे.

भारतातून निघायचं तर निवड आणखी सोपी. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलिया २०२१ मध्ये सुरू झाली. तिची 'एम्प्रेस' १९९० ची. जन्मनाव 'नॉर्डिक एम्प्रेस', मग 'एम्प्रेस ऑफ द सीज', मग स्पॅनिश कंपनीकडे 'एम्प्रेस', मग माहेरी परत, आणि शेवटी आपल्याकडे. आकारमानाच्या मापाने ती जेमतेम ४८ हजार टनांची. आजचं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ अडीच लाख टनांचं आहे. पण 'एम्प्रेस' बांधली तेव्हा केबिनकेबिनला बाल्कनी काढायची फॅशन आली नव्हती, त्यामुळे तिच्यात बाल्कन्या मोजक्याच. परिणामी बहुतेक प्रवासी समुद्र बघायला एकाच डेकवर एकत्र येतात. समता कधीकधी जुन्या नकाशामुळेही येते.

सिंगापूरची वाट मराठी गटांनी कधीच रुळवून ठेवली आहे. 'जेंटिंग ड्रीम'वर जैन जेवण मिळतं, हे कळल्यावर अर्ध्या ग्रुपचं बुकिंग होतं. जहाज कुठे जातं हा प्रश्न नंतर कुणीतरी विचारतो. एवढंच लक्षात ठेवा की सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं तर तिथला व्हिसा एकदाच आत घेणारा असून चालत नाही. नाहीतर जहाज परतेल, पण तुम्ही कागदोपत्री समुद्रातच.

*

खरी रणधुमाळी केबिनची. चार प्रकार: इन्साइड, म्हणजे खिडकी नाही. ओशनव्ह्यू, म्हणजे खिडकी आहे पण उघडत नाही. बाल्कनी, म्हणजे दार उघडतं. आणि स्वीट, म्हणजे दार दुसरा माणूस उघडून देतो.

टूर कंपनीच्या कार्यालयात होणारा संवाद शहर कुठलंही असलं तरी साधारण असा असतो.

"काका, इन्साइड घेऊ नका. खिडकी नसते."

"अरे, आम्ही खोलीत झोपायलाच जाणार."

"सगळे असंच म्हणतात काका. मग काकू म्हणतात, सकाळ झाली की नाही तेच कळत नाही."

"घरी तरी कुठे कळतं?" काकू म्हणतात. "समोर टॉवर उभा राहिलाय."

"मग ओशनव्ह्यू घ्या. समुद्र दिसेल."

"तो डेकवर जाऊन फुकट दिसतो की!"

"दिसतो ना काका. पण तुमच्या ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांनी बाल्कनीच घेतलीय."

काका कार्ड काढतात.

त्या पोराला पगारवाढ मिळायला हवी. समुद्र विकता येत नाही, कारण तो डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो आणि त्याला तिकीट लावायची सोय अजून निघालेली नाही. विकता येतं ते बाकीच्या प्रवाशांपासूनचं अंतर. इन्साइडवाला गर्दीत उभा राहून लाटा बघतो, बाल्कनीवाला एकटा बघतो, आणि स्वीटवाल्याला त्या दोघांकडे वरून बघता येतं. लाटा त्याच. भाव मधल्या माणसांचा.

एकदा हे ध्यानात आलं की दरपत्रकातल्या गमती दिसू लागतात. सर्वांत महाग खोल्या वरच्या मजल्यांवर असतात. जहाज डोलतं तेव्हा सर्वांत जास्त झोका वरच बसतो, आणि पुढच्या टोकाला तर लाटेबरोबर वरखाली होणं आलंच. सर्वांत कमी हलते ती खालच्या मजल्यावरची, मधोमधची खोली, आणि ती बहुधा स्वस्तातली असते. पोटाचं ऐकणाऱ्याने खाली जावं. वर जाणाऱ्याने स्वीटबरोबर ॲव्होमिनची पट्टीही घ्यावी.

महाग खोलीत दुसरा धोका डोक्यावरचा. वर पोहण्याचा तलाव असेल, तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज थेट उशीत येतो. खाली थिएटर असेल, तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. म्हणून खोलीच्या वर काय आणि खाली काय हे नकाशात बघून घ्यावं. जाणकार सांगतात की वर-खाली दोन्हीकडे केबिन असलेली केबिन उत्तम. थोडक्यात, शेजाऱ्यांपासून सुटायला पैसे द्यायचे आणि शांतता हवी तर शेजाऱ्यांच्या मधोमध झोपायचं.

नंतर येतात अर्धवट खिडक्या. कमी भावात ओशनव्ह्यू मिळाली म्हणून खूश होऊन पडदा सरकवावा, तर समोर भगव्या रंगाची लाइफबोट. दरपत्रकात याला 'दृश्यात अडथळा' म्हणतात. मला ही योग्य सोय वाटते. बोट बुडत असेल तर निदान कुठे जायचं ते विचारावं लागणार नाही.

मग 'गॅरंटी' केबिन. तुम्ही प्रकार निवडायचा, खोली कंपनी निवडणार. ही स्वस्त पडते, कारण उरलेल्या खोल्या कुणाच्या तरी गळ्यात मारायच्याच असतात. नशीब चांगलं तर वरच्या प्रकारात बढती. नशीब नेहमीचं असेल तर नांगराच्या साखळीशेजारी.

खिडकीच नसलेल्यांचाही कंपन्यांना कळवळा आहे. रॉयल कॅरिबियनने २०१४ च्या सुमारास इन्साइड केबिनमध्ये ८० इंची पडदा लावून त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातला समुद्र दाखवायला सुरुवात केली. त्याला नाव दिलं व्हर्च्युअल बाल्कनी, आणि अर्थातच त्याचे पैसे जास्त. त्याआधी २००९ मध्ये 'ओॲसिस ऑफ द सीज'मध्ये उलटा प्रयोग झाला होता. जहाजाच्या पोटात बाग केली आणि बाल्कन्या त्या बागेकडे वळवल्या. म्हणजे एकाला समुद्र नाही पण त्याचं चित्र आहे, दुसऱ्याला बाल्कनी आहे पण तिच्यातून समोरच्याची बाल्कनी दिसते. दोघेही समुद्रावर आहेत याची खात्री फक्त बिलावरून करता येते.

इन्साइड केबिन साधारण १६० चौरस फुटांची असते. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोलीही तेवढीच. त्या खोलीतून सुटण्यासाठी लोकांनी पुनर्विकासाची पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली, मोर्चे काढले, आणि आता कुठे ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळू लागल्या. किल्ली मिळालेल्या घरातला मुलगा कमावता झाला की आईवडिलांना पहिली भेट काय देतो? सात रात्री, चौघं, १६० चौरस फूट. त्या चाळीला निदान खिडकी होती.

एकट्या माणसाची गोष्ट तर ऐकवत नाही. तिकिटाचे दर 'दोघांनी एक केबिन' धरून छापलेले असतात. निवृत्त शिक्षिका एकटी निघाली तर बहुतेक ठिकाणी तिला दोघांचे पैसे पडतात. जो नवरा आयुष्यभर कुठे घेऊन गेला नाही, त्याचं भाडं ती त्याच्या माघारीही भरते. नॉर्वेजियनने २०१० मध्ये 'एपिक' जहाजावर एकट्यांसाठी छोट्या केबिन काढल्या, साधारण १०० चौरस फुटांच्या. त्या इतक्या चालल्या की आता त्यांचेही भाव चढले. एकटेपणाला मागणी आहे हे कुणाच्या लक्षात आलं की एकटेपणसुद्धा महागतं.

*

आगबोटीतली उतरंड कोकणी माणसाला नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींना अप्पर डेक होतं आणि लोअर डेक होतं. गणपतीला लोअर डेकवर वळकटी पसरायला हात-दीड हात जागा मिळाली तर माणूस स्वतःला भाग्यवान समजे. जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा ठिकाणी बोट खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून उतरावं लागायचं. पडावात उडी मारताना अप्पर आणि लोअर दोघांचीही धोतरं सारखीच भिजत. आज लक्षद्वीपला प्रवासी छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, ती तीच उडी. फक्त आता तिचा सेल्फी निघतो.

अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींवर पहिल्या वर्गाची आणि तिसऱ्या वर्गाची तोंडं एकमेकांना दिसू नयेत अशी चोख व्यवस्था असे. १९५८ मध्ये जेट विमानं आली आणि तो धंदा बसला. मग कुठेच पोचायची घाई नसलेला प्रवास विकायला काढला गेला. कार्निव्हलचं पहिलं जहाज 'मार्डी ग्रा' १९७२ मध्ये मायामीहून पहिल्याच फेरीला निघालं आणि बाहेर पडता पडता रेतीत रुतलं. पण नव्या धंद्यातली एक गोष्ट खरोखर चांगली होती. खोली कुठलीही असो, जेवण एकाच दालनात, नाच एकाच फरशीवर, ऊन एकाच डेकवर. वर्ग गेले असं वाटलं.

ते गेले नव्हते, सुट्टीवर होते. एमएससीने २००८ मध्ये 'फान्तासिया'वर यॉट क्लब काढला: स्वतंत्र डेक, स्वतंत्र तलाव, स्वतंत्र जेवणघर, आणि आत शिरायला वेगळं कार्ड. नॉर्वेजियनकडे त्याचं नाव हेवन, जेंटिंग ड्रीमवर पॅलेस. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २'वर तर तुमची केबिन कोणती यावरूनच तुम्ही कुठल्या जेवणघरात बसणार हे ठरतं. 'आयकॉन'वर तीन मजली घर आहे, आत घसरगुंडीसकट. आणि त्याच जहाजावर कमाल ७,६०० प्रवासी मावतात. गर्दी आधी आपणच करायची आणि मग तिच्यातून बाहेर काढायचे पैसे घ्यायचे, यापेक्षा सुबक धंदा शोधून सापडायचा नाही. भाव वाढले की हा कप्पा आधी भरतो, असा या व्यवहाराचा सगळा डौल आहे. कारण खालची गर्दी वाढली की वरच्या दाराची किंमत आपोआप वाढते.

*

आता बिल बघू. चार आण्यांची कोंबडी कधीच घेऊन झाली, मसाला बाकी आहे.

कार्निव्हलच्या २०२४ च्या अडीच हजार कोटी डॉलरच्या उत्पन्नात साधारण एक-तृतीयांश पैसा तिकिटांचा नव्हता. तो जहाजावर चढल्यानंतरचा: दारू, कॅसिनो, वाय-फाय, सहली, खास जेवणं. म्हणजे तिकीट हे आमंत्रण, आणि आहेर पुढे.

टिप्स घ्या. रॉयल कॅरिबियनने २०२५ मध्ये साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर लावले, आणि यात शाळकरी पोरंही आली. चौघं, सात रात्री, म्हणजे ५१८ डॉलर. नव्वदच्या भावाने साडेसेहेचाळीस हजार रुपये. घोषणेत याला 'कृतज्ञता' म्हणतात. माझ्या माहितीत ही एकमेव कृतज्ञता आहे जी आधीच कार्डावर चढते.

दारूचं पॅकेज घ्या. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. त्यामुळे ज्या घरात हे घेतात आणि त्या संकष्टी करतात, तिथे चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या बाईच्या नावावरही रोज पंधरा पेले चढलेले असतात.

घरून काही नेऊन पैसे वाचवीन म्हणाल, तर विजेची किटली आणि इस्त्री दोन्ही जप्त होतात, आगीच्या भीतीने. पाकीटबंद चिवडा चालतो. घरी केलेले पराठे दारातच अडतात. परतताना किटली मिळते. तोवर तिच्या किमतीच्या अनेक पट चहा पिऊन झालेला असतो.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा लागू झाला की जाहिरातीतल्या भावातच सगळी अनिवार्य शुल्कं दाखवा. तिथे व्यवसाय करायचा म्हणून मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेतल्या आपल्या जाहिरातींचे भाव पूर्ण दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या जाहिरातीत अजून 'पासून' हा शब्द आहे आणि त्याच्या डोक्यावर चांदणी. त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात असतो.

*

बंदरांची नावं हा वेगळाच विनोद. पत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं, जहाज चिव्हितावेक्कियाला लागतं. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, जिथून पॅरिस दोनशे किलोमीटर. 'बँकॉक' म्हणजे लाएम चाबांग. आणि 'बर्लिन'ही मिळतं, समुद्र नसलेलं, वार्नेम्युंडेहून रेल्वेने तीन तासांवर. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ऐतिहासिक कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे काही कंपन्यांचं 'व्हेनिस' रव्हेन्नाला उतरतं, दोनेक तासांच्या अंतरावर. सकाळी आठला उतरा, संध्याकाळी पाचला परत या. मधल्या वेळात रोम करा. तेही नेहमीप्रमाणे करून होतं, बसच्या खिडकीतून.

गावंही आता शहाणी झालीत. ग्रीसने जुलै २०२५ पासून सांतोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात उतरणाऱ्या प्रत्येक क्रूझ-प्रवाशावर २० युरो लावले. पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून काढलेल्या फोटोत चौघांचे ८० युरो. यावर कंपन्यांनी शोधलेला तोडगा कौतुकास्पद आहे. बंदरांना पैसे का द्या, बेटं-किनारेच घ्या! रॉयल कॅरिबियनने कोकोके सजवलं, एमएससीने ओशन के, कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये बहामात सेलिब्रेशन की उघडलं. जहाजातून उतरून माणूस जिथे जातो तिथेही त्याच कंपनीचं कार्ड चालतं. परदेश पाहिल्याचं समाधान, आणि पैसा घरातल्या घरात.

*

एक केबिन कुठल्याच दरपत्रकात नसते. ती पाण्याच्या रेषेच्या आसपास किंवा खाली असते, तिला खिडकी नसते, पडद्यावरचा समुद्रही नसतो, आणि तिच्यात दोघं जण राहतात. तिथला एक जण बऱ्याचदा साष्टीचा, बारदेशचा किंवा वसईचा असतो. गोव्यात घरोघरी कुणी ना कुणी 'शिपवर' आहे. सहा-आठ महिन्यांचा करार, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार दिवसाला जास्तीत जास्त १४ तास काम. तो तुमच्या टॉवेलचा हत्ती करून ठेवतो, काकूंना बिनकांद्याचं काय आहे ते कोकणीत सांगतो आणि तुमच्या मुलांची नावं पहिल्या संध्याकाळी पाठ करतो.

ग्राहक कक्षापुढे रांग लावून टिप्स रद्द करून घेणारे प्रवासी असतात. 'पगार कंपनीने द्यावा, आम्ही का?' हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. फक्त तो सवाल ते बाल्कनीचं भाडं भरताना विचारत नाहीत. तिथे पैसे वाचवावेत असं त्यांना सुचत नाही. हत्ती करणाऱ्याच्या खिशातून वाचवावेत हे मात्र चटकन सुचतं.

*

उपदेश करणं हा सदर-लेखकाचा जन्मसिद्ध हक्क, तेव्हा तोही उरकतो.

भाव वाढले की लोक रात्री कमी करतात आणि बाल्कनी टिकवतात. उलटं करा. खालच्या मजल्यावरची, मधोमधची, खिडकी नसलेली खोली घ्या आणि सुटलेल्या पैशांत दोन रात्री वाढवा, किंवा ज्या बंदरात जहाज रात्रभर थांबतं अशी फेरी घ्या. बंदराचं नाव वाचू नका, तिथले तास वाचा. जाहिरातीतला भाव वाचू नका. तिकीट, टिप्स, कर, विमान, व्हिसा आणि विमा यांची बेरीज करा आणि तिला रात्रींनी भागा. वसंतात आणि शरदात जहाजं युरोप आणि कॅरिबियन यांच्यात ये-जा करतात, तेव्हा रात्रीचा भाव बराच उतरतो. त्यात बंदरं कमी, समुद्र जास्त. समुद्र बघायलाच निघाला असाल तर याहून बरं काही नाही. ग्रुपवर फोटो टाकायला निघाला असाल तर याहून वाईट काही नाही.

हे कुणी ऐकणार नाही, याची कंपन्यांना खात्री आहे, आणि त्या खात्रीवर पापेनबुर्गपासून तुर्कूपर्यंत पोलाद कापलं जातंय. आणि मराठी माणसाने इन्साइड घेतलीच, तरी तो सांगणार नाही. विचारलं तर म्हणेल, "बाल्कनी होती हो, पण आम्ही बाहेरच असायचो."

एवढ्या वर्गवारीत एकच जागा सुटली आहे. टायटॅनिकनंतर, १९१४ मध्ये, जगाने ठरवलं की बोटीवर जितकी माणसं तितक्यांची बचावाची सोय हवी. 'ओॲसिस' जातीच्या जहाजांच्या एकेका लाइफबोटीत ३७० माणसं बसतात, गुडघ्याला गुडघा लावून. तिथे स्वीटवाल्याशेजारी इन्साइडवाला, आणि दोघांच्या मध्ये साष्टीचा पोरगा, कारण बोट हाकायला तोच शिकलेला. या बोटीत बाल्कनी नाही, वेगळं दार नाही, खास रांग नाही. हे अजून विक्री विभागाच्या नजरेला आलेलं नाही एवढंच. पुढच्या दरवाढीत बघा, पहिल्या ओळीतल्या आसनाला माणशी ४० डॉलर, चांदणीसकट.